उलट फेरी

"तुम्ही माझ्या बहिणीला फसवलंत," उद्धव वायरलेसवर म्हणाला. "सुईनं मेंदू जलद चालेल, एवढंच सांगितलंत. आतला वेळ किती लांबतो, ते दडवलंत."

"फेरी वीस सेकंदांत झाली," वेगाचे विक्रम नोंदवणाऱ्या मंडळाचा माणूस म्हणाला. "दोन्ही दिशांनी पळाल्याशिवाय विक्रम धरत नाहीत. तासाभरात उलट फेरी, तोवर झाकण उघडणार नाही. सुई गाडीच टोचेल."

मिठाच्या रणात ती लांबुळकी, बंदिस्त मोटारसायकल तापत उभी होती. आत कल्याणी पाठीवर झोपलेली, मेंदू गाडीला जोडलेला. झाकणाचं कुलूप मंडळाच्या हातात. उद्धवनं काचेला तोंड लावलं.

"अक्का, बरी हाईस न्हवं?"

"घरातली सगळी जित्ती हाईत का रं अजून?"

"असं काय इचारतीस? सकाळीच आईशी बोललीस की."

"सकाळी?" ती म्हणाली. "सुई लागली की डोस्कं पळतंय, अंग न्हाई. पापणी मिटली की किती दिस अंधार. आंधळी झाले म्हणून रडाय घेतलं, तर डोळ्यांत पाणी यायचं नाव न्हाई. आईचं तोंड आठवत पडले. आठवून आठवून तेबी पुसलं."

इंजिन घुमायला लागलं.

"उद्धवा, परत नगं रं."

उद्धव पुढच्या चाकाला पाठ लावून मिठात बसला. त्यानं वायरलेस तोंडाशी धरला.

"साहेब, मी हलणार नाही. झाकण उघडा. उलट फेरीला तुमच्यातला कोण आत झोपतोय? नाव सांगा."