लाल ठिपका

हर्षदाने काचेच्या बारीक फायबरचं टोक अंड्याच्या रिकाम्या कवचात सोडलं आणि लेझर चालू केला. कवच एकाच बाजूला उजळलं.

टोकातून उजेड चहूकडे सारखा पसरायला हवा. हे फायबर पायाच्या फुगलेल्या शिरेत घालून उजेडाच्या उष्णतेने ती बंद करतात. उजेड एकीकडेच गेला तर माणूस आतून भाजतो. मोरिवलीच्या त्या छोट्या कारखान्यात ही कवचाची युक्ती सर्वांत जुने कारागीर शंकरराव यांनीच आणली होती. जो टोक घासेल त्यानेच तपासायचं आणि डब्यावर आपल्या रंगाचं नेलपॉलिश टेकवायचं. हर्षदाचा ठिपका जांभळा, शंकररावांचा लाल. जांभळे डबे शंकरराव पुन्हा उघडून बघत. लाल डबा कोणीच उघडत नसे.

आठवड्यातला हा तिचा तिसरा खराब पीस होता. तिसऱ्यानंतर परत पॅकिंगला बसवत. शंकरराव हात धुवायला गेले होते. तिने त्यांची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली.

पंधरा दिवसांनी उल्हासनगरच्या एका दवाखान्यातून तक्रार आली. कुणा बाईचा पाय भाजला होता. साहेबांनी रिकामा डबा टेबलावर ठेवला. शंकरराव त्याच दिवशी चार दिवसांच्या रजेवरून आले होते. त्यांनी ठिपका नीट पाहिला.

"माझाच हाय," ते म्हणाले आणि खिशातली आपल्या कपाटाची चावी साहेबांपुढे काढून ठेवली. काम सोडलं.

हर्षदाला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच लाज वाटली. चौथ्या दिवशी ती सफरचंदं घेऊन त्यांच्या घरी गेली.

शंकरराव ओटीवर बसले होते, दाढी वाढलेली.

"काका, तो पीस…"

"नको पोरी. माझा हात गेला आता. तू नीट काम कर."

"तसं नाय काका, ऐका तरी…"

"कोण आलंय?" आतून त्यांच्या बायकोने, कौसाबाईंनी हाक मारली. "कारखान्यातली पोर काय? आत ये गो."

कौसाबाई खाटेवर पडल्या होत्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंत पट्टीत.

"तूच त्यांना सांग बाय. जेवत नाय, माझ्याकडं बघत नाय. त्यांची काय चूक? डॉक्टरनी दोन डबे दाखवले, जांभळा नि लाल. मीच बोलले, लालच घ्या, तो आमच्या ह्यांच्या हातचा हाय."