व्हिएन्नाची रंगीत तालीम

"आई, ती बादली थुंकण्यासाठी आहे," सिद्धार्थ दबक्या आवाजात म्हणाला. "घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. इथे नॉर्मल आहे."

"चारचौघांत थुंकायचं?" सुहासिनीबाईंनी बादलीकडे असं काही पाहिलं, की काउंटरमागच्या मुलीने ती मुकाट्याने बाजूला सरकवली. "सत्तरी गाठली, कधी कुणाच्या अंगणात थुंकले नाही. आता ह्या पोरीसमोर पिचकारी मारू?"

"मग घेऊच नकोस ना."

"चाखणार तर! तुम्ही चाखायची आणि मी काय खुर्ची राखायची?" त्यांनी ग्लास उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. मग पर्समधून झाकणाचा स्टीलचा टंबलर काढून तोंडाला लावला. एरवी आल्याचा चहा भरलेला तो टंबलर पुण्याहून आल्यापासून त्यांच्याबरोबर सगळीकडे फिरत होता आणि सिद्धार्थला त्याची मनस्वी लाज वाटायची.

कॅनबेरातल्या गुंगालिनच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या द्राक्षमळ्यात ही मंडळी आली होती ती रंगीत तालमीसाठी. पुढच्या महिन्यात सिद्धार्थ आणि त्याची बायको चारुता तीन आठवडे व्हिएन्नाला निघाले होते. त्या शहरात म्हणे हद्दीच्या आतच द्राक्षमळे आहेत आणि पाहुण्यांना तिथे बसवून वाइन चाखवतात. चारुताने तसल्या चार बैठकी बुकही केल्या होत्या. तिथे जाऊन गावंढळ दिसायला नको, म्हणून आधी इथे हात साफ करायचा.

आणि त्या तीन आठवड्यांत सुहासिनीबाईंनी जायचं होतं विमानाने तासाभरावर टार्निटला, पुतण्याच्या घरी. यतिनचं घर नवं आणि मोठं, पण त्याचे सासू-सासरे, दोन पोरं, शिवाय मेव्हणा. त्यात ह्या पाहुण्या. सुहासिनीबाईंना गुंगालिनलाच राहायचं होतं. एकटीने.

"जमणार नाही," हे सिद्धार्थचं ठरलेलं उत्तर. वडील गेल्यापासून त्याने आईची पुण्यातली गाडी विकायला लावली, तळण बंद केलं, आणि इथे तर पत्रपेटीपर्यंतसुद्धा तो सोबत यायचा. काळजी होती, नाही कोण म्हणतं? पण काळजीच्या नावाखाली माणसाची वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची असते का?

सकाळी गाडीत त्याने अट घातली होती. "आज दिवसभर नीट वागून दाखव. मग टार्निटचं बघू."

"नीट म्हणजे कसं?" मागच्या सीटवरून सुहासिनीबाईंनी विचारलं.

"म्हणजे हट्ट नाही. मी सांगेन तसं."

"इथे ऐंशी आहे, तू नव्वदने चाललायस," त्या म्हणाल्या. वाटेतली एकही पाटी त्यांनी सोडली नव्हती.

पहिल्या दोन ग्लासांना सिद्धार्थ शहाण्यासारखा थुंकला. तिसरी लाल वाइन आली आणि तो खुलला. "हिला थुंकणं पाप आहे!" म्हणाला. खोलीत हीटर रणरणत होता. त्याने जॅकेट काढून आईच्या मांडीवर टाकलं आणि चौथा ग्लास भरूनच मागवला.

"सिद्, ड्राइव्ह करायचंय तुला," चारुता म्हणाली. ती स्वतः बादलीच्या वाटेलाही गेली नव्हती.

"नो वरीज. टेस्टिंगचे घोट ते."

ग्लास, घोट, टंबलर, असं सुहासिनीबाईंचं आपलं चालू होतं. काउंटरमागची मुलगी कौतुकाने "गुड ऑन यू!" म्हणाली, तशी त्यांनी पुढचा ग्लास तिच्यासमोर धरला.

सिद्धार्थचा तोल सुटला. "आई, हा सहावा! एकदाही थुंकली नाहीस. अशी बाई तीन आठवडे घरात एकटी राहणार?"

"राहणार."

"मी यतिनला आजच फोन करतो. तिकीट फायनल."

"कर हो. मी विमानात बसायला हवी ना?" त्या म्हणाल्या आणि आणखी एक घोट घेऊन टंबलर तोंडाला लावला. संताप होता त्यांच्या डोळ्यांत, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

बाहेर ऊन कलंडलं होतं आणि कॅनबेराकडची ती हाडात शिरणारी थंडी सुरू झाली होती. सुहासिनीबाईंनी निलगिरीच्या बुंध्याशी टंबलर उपडा केला. बराच वेळ धार लागली होती.

"चहा घेतलाच नाहीत की तुम्ही," चारुता म्हणाली.

"गार झाला होता."

सिद्धार्थ पँटचे खिसे चाचपत होता. किल्ली जॅकेटात होती, आणि जॅकेट आईच्या हातात. गाडीच्या दाराशी मायलेकांची पुन्हा खडाखडी झाली. चारुता कंटाळून मागच्या सीटवर आडवी झाली. शेवटी दोघं पुढे बसले आणि दारं धाडकन लागली.

परतीच्या वाटेवर सुहासिनीबाईंनी एकही पाटी वाचली नाही. बोलत होता तो सिद्धार्थच, तेही तुटक.

गुंगालिन जवळ आलं आणि वळणापलीकडे निळे दिवे दिसले. पोलीस एकेक गाडी कडेला घेत होते.

"ओ गॉड, ब्रेथ टेस्ट!" चारुता खडबडून उठली. "आपले किती ग्लास झाले?"

"गप्प बस," सिद्धार्थ म्हणाला. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

गाडी थांबली. पोलीसबाई वाकली, हसली, दुपारी काही घेतलं का म्हणून तिने विचारलं आणि छोटं यंत्र खिडकीतून आत धरलं. ह्याच्यासमोर एक ते दहा आकडे म्हणायचे होते.

सुहासिनीबाईंनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून शाल सावरली आणि खणखणीत मराठीत दहापर्यंत मोजलं. पोलीसबाईने यंत्रावरचं शून्य पाहून "हॅव अ गुड वन" म्हटलं, तेव्हा त्यांनी उजवा इंडिकेटर दिला, मान वळवून मागचा रस्ता पाहिला आणि शेजारी अंग चोरून बसलेल्या लेकाला म्हणाल्या, "टार्निटचं तिकीट रद्द कर."