कोपऱ्यातली चटई

रंजूची पाळी चार महिन्यांपासून आली नव्हती. लाखांदूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "पीसीओएस आहे. पाळी अशीच लांबत राहिली तर पिशवीचं अस्तर जाड होतं, पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. साखरेकडेही लक्ष ठेवा." तेव्हापासून माझी नात गोळ्या घ्यायची, भात कमी खायची, रोज तलावापर्यंत चालून यायची. मी चुलीशेजारच्या देवापुढे दिवा लावायचे. आज सकाळी ती ओसरीच्या कोपऱ्यात चटई पसरू लागली. त्या दिवसांत आमच्या घरच्या बायका त्या चटईवर वेगळ्या बसतात. हा दंडक माझाच. "आली का वं?" मी विचारलं. "आली, आजी." ती हसली. मी तिच्या हातची चटई घेऊन गुंडाळून ठेवली. "चाल अंदर, चहा मांड." "देवाले विटाळ नाही होत?" "कायचा विटाळ? इतके दिवस त्याले हेच त मागून राहिली होती मी."