सायकलचं गाणं

तीस वर्षं बँडमध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार बडवून झाल्यावर बाबांना आता स्वतःच्या गोष्टी गाऊन सांगायच्या होत्या. एकट्याचा पहिलाच अल्बम. "एक गाणं ऐक, मग ठरव," ते मुलीला म्हणाले होते. ठरवायचं एवढंच होतं, की सोमवारी ती कामावर रुजू झाली की सात महिन्यांच्या छकुलीला दिवसभर त्यांच्याकडे ठेवायचं का.

म्हणून ती छकुलीला कडेवर घेऊन स्टुडिओत आली. काचेपलीकडे बाबा गात होते. गाण्यातला बाप लेकीला सायकल शिकवतो, सीट धरून मागे धावतो, फुटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालतो आणि एक दिवस हळूच हात सोडतो. आवाज असा भिजलेला, की रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला.

"नशीबवान आहात ताई," तो म्हणाला.

बाबा हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आले. "कसं वाटलं? आपलंच आहे. तुझं नि माझं."

"बाबा, मला सायकल येत नाही."

त्यांचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. गाण्याचा कागद पुढे ओढून त्यांनी पेन्सिल उचलली. "मग पोहणं करू. पोहता येतं ना तुला?"

"येतं. आईने शिकवलं."

"कोणी ते राहू दे गं," म्हणत त्यांनी सायकल खोडलीसुद्धा.

तिने तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "सोमवारपासून तुम्हीच याल का? बाबांना नाही जमायचं. ते सध्या मला पोहायला शिकवताहेत."