काळूचा वाटा

गल्लीतलं तिसरं कुत्रं धनसिंगच्या ओट्यापाशी मेलेलं सापडलं, तेव्हा प्रेमकुंवरबाईंनी काळूला दोरीने ओढत घरात आणलं आणि आतून कडी घातली.

"आता तू बाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या.

काळूने शेपटी हलवली. सावद्याच्या या गल्लीत आता तो एकटाच उरलाय, हे त्याला कुठून कळणार?

तिन्ही कुत्री सारखीच गेली. आधी दारुड्यासारखी झोकांड्या खायची, मग ओकायची, मग पाय झाडत आडवी व्हायची. त्यांतल्या भुरीला तसं जाताना बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारी जैनाघरची बाई, आणि तिच्याच दारातली मुकी जनावरं कुणीतरी विष घालून मारत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यांच्या लेखी ठरलेलं होतं. समोरच्या धनसिंगच्या नातीला भुरी चावली होती. "एक दिवस या बठ्ठ्या कुत्र्यायचा बंदोबस्त करतो," असं तो चारचौघांत बोलला होता. केळीच्या फवारणीचे डबे त्याच्या ओसरीत कायम पडलेले. आणि मेलेली कुत्री ट्रॅक्टरमध्ये घालून मळ्यात पुरून येणाराही तोच. दुसरं कुत्रं गेलं तेव्हाच बाईंनी हे दूधवाल्याच्या कानावर घातलं, किराणावाल्याच्या घातलं, जैन स्थानकात प्रवचनाला येणाऱ्या बायकांच्याही घातलं. धनसिंगच्या ओट्यावर संध्याकाळी बसणारी माणसं मग दुसरीकडे बसू लागली.

बाई एकट्या. मालक जवरीलाल जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पारस पुण्याला. सोबतीला ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि जिभेची हौस. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हौसेने त्यात साखर पडायची, आणि दातांचं जे व्हायचं ते झालं. जळगावच्या दातांच्या डॉक्टर कामिनींनी साखर-गूळ घराबाहेर काढायला लावला. आईचे हाल पारसला बघवेनात. दात किडवत नाही अशी साखर त्याने पुण्याहून पाठवली. दिसायला तश्शीच, जिभेवर जरा गार. बाई खूश झाल्या आणि दोन-तीन दिवसांआड पुन्हा चुरम्याचे लाडू वळू लागल्या.

पहिला लाडू दारातल्या कुत्र्याला, मग आपल्या तोंडात, असा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. आपण खाऊ तेच त्यांना. ज्याच्या अंगात जोर, तो लाडू पळवायचा. काळू सगळ्यांत मरतुकडा. त्याच्या वाट्याला उरलीसुरली भाकर. आता लाडू त्याचाच, या विचाराने बाईंना भरून आलं.

संध्याकाळी फाटकाशी धनसिंग उभा राहिला. काळू गुरगुरला.

"अक्का, एक सांगू? काळूले काही खाऊ घालू नका."

"का म्हणून?"

"तो बी जाईन."

बाईंनी फाटकाची सळई घट्ट धरली. "धमकी देता का, भाऊ?"

धनसिंग खाली बघत म्हणाला, "नाही, अक्का. सांगाले गेलो तर तुमालेच वाईट वाटीन."

तो गेला. पण "तो बी जाईन" हे शब्द रात्रभर बाईंच्या उशाशी बसून राहिले. जरा खुट्ट झालं की त्या उठून काळूचं पोट वरखाली होतंय ना ते बघत. हलवल्यावर तो चिडून डोळे उघडायचा, तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटायचं.

सकाळी जळगावला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. न जावं तर दाढ ठणकत होती. जावं तर काळू एकटा. भुकेने भुंकला आणि कुणी खिडकीतून काही टाकलं तर? बाईंनी सगळ्या खिडक्या लावल्या. ताजा चुरमा केला, तूप जरा सढळ हाताने घातलं आणि थाळीभर लाडू त्याच्यापुढे ठेवले. सवयीने त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. हुसकायला कुणीच नव्हतं.

"खा. आपल्या हातचंच आहे," बाई म्हणाल्या.

दाराला कुलूप घालून किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला बांधली. एसटीत बसल्यावर, कित्येक दिवसांनी, त्यांना पेंग आली.

डॉक्टर कामिनींनी दाढ भरली आणि आरसा फिरवून सगळे दात पाहिले. "काकू, बाकी दात धरून आहेत. आता फ्लोराइड लावू, म्हणजे पुढची कीड थांबेल." त्यांनी जेल भरलेले दोन साचे वरच्या-खालच्या दातांवर बसवले. "घड्याळ वाजेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. लाळ आली तर भांड्यात सोडा."

बाईंनी मान हलवली. हनुवटीवरून फेसाळ लाळ ओघळली.

"पारसने ती साखर पाठवली म्हणे. सोसते ना?" हातमोजे काढता काढता डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी पुन्हा मान हलवली.

"दातांना चांगली आहे, माणसाला तिचा काही त्रास नाही. एक मात्र मी सगळ्यांना बजावते, तुम्हाला सांगायचं राहिलंच. ती कुत्र्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही. ती घातलेल्या पदार्थाचा इवलासा तुकडासुद्धा विष आहे त्यांना. झोकांड्या खातात आणि आडवी होतात बिचारी." त्या वळल्या. "तुमच्याकडे नाही ना कुत्रं?"

पदराच्या गाठीतली किल्ली बाईंच्या मुठीत रुतली. त्या खुर्चीतून उठू लागल्या, तसा डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"बसा, काकू. अजून घड्याळ वाजायचंय."