शपथेनंतरची चिठ्ठी

टंकप्रसादनं कोटाच्या आतल्या खिशावरून चौथ्यांदा हात फिरवला. चिठ्ठी होती.

"सारखं काय चाचपताय?" त्याची बायको गोमा हळूच म्हणाली. "आधीच नेपाळी टोपी घालून आलाय, सगळ्यांत उठून दिसताय."

मिसिसागाच्या त्या सरकारी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर कागदाचा छोटा झेंडा. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत सगळ्यांचे बूट ओले होते. तासाभरात ही माणसं कॅनडाची नागरिक होणार होती. त्यासाठी एवढंच करायचं होतं, की उजवा हात वर करून राजाशी, त्याच्या वारसांशी आणि त्यांच्या मागून गादीवर येणाऱ्यांशी इमान राखण्याची शपथ घ्यायची.

एकोणीस वर्षांपूर्वी काठमांडूत 'राजा नको' म्हणत टंक आणि त्याचा थोरला भाऊ, त्याचा दाइ, एकाच मोर्चात चालले होते. दाइला गोळी लागली. पुढे राजेशाही गेली, पण ते बघायला दाइ नव्हता.

चिठ्ठीत तीन ओळी होत्या. देशाशी मी इमान राखीन. राजाशी नाही. शपथेतला तेवढा भाग मी परत घेतो. आधी शपथ घ्यायची आणि मग हे म्हणायचं, कोर्टानं तशी मुभा दिलेली आहे, असं वाचनालयातल्या बाईंनी त्याला सांगितलं होतं.

"कोर्ट म्हणेल हो," गोमा कालपासून हेच म्हणत होती. "पण समोरच्या साहेबाला रागच आला तर? हातात दिलेला कागद परत काढून घेतला तर? सात वर्षं मी त्या कोंबड्यांच्या कारखान्यात गारठलेय, ती कशासाठी?"

पलीकडच्या खुर्चीवर दोन मुलांना घेऊन एक नर्स बसली होती. बार्बाडोसची, नाव युडोरा. ती वाकून म्हणाली, "कसली चिठ्ठी, भाऊ? प्रेमपत्र?"

टंकनं कुजबुजत सांगितलं. ती एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

"आमच्या बेटावर आम्ही इंग्लंडच्या राणीला रीतसर निरोप देऊन प्रजासत्ताक झालो. तोफा उडवल्या. मी स्वतः नाचले. आणि आता इथे येऊन तिच्याच पोरासाठी हात वर करतेय."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. बूट चावतोय."

तेवढ्यात कारकुनानं सगळ्यांना उभं केलं. "प्रत्येकाचे ओठ हलताना दिसले पाहिजेत. आम्ही रांगांतून फिरणार आहोत."

काळ्या झग्यातल्या न्यायाधीश बाई एकेक तुकडा म्हणत होत्या आणि हॉल मागोमाग म्हणत होता. टंकचे ओठ हलले. 'वारस' म्हणताना त्याच्या मनात आलं, यातले काही तर अजून जन्मलेही नसतील. कारकून त्याच्यासमोर थांबला, तोंडाकडे बघितलं आणि पुढे गेला. गोमा दोघांच्या वाटचं मोठ्यानं म्हणत होती.

नावं पुकारली गेली, नागरिकत्वाचे कागद मिळाले, राष्ट्रगीत झालं. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. गोमानं नवऱ्याची बाही धरली.

"अहो, आता घरी चला. दाइ तुम्हाला काही म्हणणार नाही."

"म्हणूनच," टंक म्हणाला.

त्यानं बाही सोडवून घेतली आणि मंचाकडे निघाला. गोमानं दोघांचेही कागद पटकन कोटाच्या आत, छातीशी धरले.

मंचाच्या पायरीशी लाल कोटातला पोलीस उभा होता. टंकनं त्याच्याकडे पाहायचं टाळलं. न्यायाधीश बाईंसमोर त्यानं चिठ्ठी ठेवली. वाक्य पाठ करून आला होता, पण निम्मंच तोंडातून निघालं. "राजाशी... ते मी परत घेतो."

बाईंनी चष्मा लावला. तीन ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला, निदान त्याला तसं वाटलं. मग त्यांनी मान वर केली.

"यावर तारीख राहिलीय."

त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. टंकनं तारीख घातली. अक्षर वेडंवाकडं आलं. बाईंनी चिठ्ठी फायलीत ठेवली आणि त्याचा हात हातात घेतला. "अभिनंदन, श्री. भुसाल. नागरिकाला हे म्हणायचा हक्क आहे."

"बस? एवढंच?"

"एवढंच. बाहेर कॉफी ठेवलीय, गार व्हायच्या आत घ्या."

टंक वळला. पोलीस कुणाच्यातरी तान्ह्या पोरीला कडेवर घेऊन हसत होता. गोमा लांबूनच हातानं 'चला, चला' करत होती. पण त्याला वाटत होतं, अजून कुणीतरी येईल, दंडाला धरेल, विचारेल की काय म्हणालास, पुन्हा म्हण. तो वाट बघत उभा राहिला. कुणी आलं नाही.

आली ती युडोरा. "भाऊ, रिकामे आहात ना? आमचा एक फोटो काढा."

मुलांना घेऊन ती भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीखाली उभी राहिली. "राजाही येऊ दे हं. माझी आई अजून राणीचा फोटो कपाटात जपून ठेवते. तिला दाखवायचाय."

टंकनं फोन वर धरला. चौकटीत तिघं हसत होती आणि त्यांच्या डोक्यावर राजा. त्यानं बटण दाबलं. फोटो पुसट आला. त्यानं पुन्हा दाबलं.

"काय झालं, भाऊ?"

"हलतंय," टंक म्हणाला. "थांबा जरा. अजून हलतंय."