४१२७ नंबरचं म्यान

“सॉरी, सुमंत. हे नकली आहे,” वॉल्ट म्हणाला आणि त्यानं म्यान टेबलावर ठेवलं.

रुहीनं कपाळाला हात लावला. झालं! एवढ्यासाठी ईडन प्रेरीहून पहाटे निघून, चार तास बर्फातून गाडी हाकत ती बाबांना विस्कॉन्सिनला घेऊन आली होती. जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन. जिकडे पाहावं तिकडे दाढीवाले म्हातारे, बिल्ले, पदकं, लोखंडी टोप. आणि त्यांच्यात माकडटोपी घातलेले तिचे बाबा, वय वर्षं एकाहत्तर, मूळ मुक्काम नाशिक.

बाबांना सोव्हिएत संगिनींचं वेड. तेही साधंसुधं नाही. पात्यावर त्रिकोणातला बाण दिसला की इझेव्हस्कचा कारखाना, हे ते चष्मा न लावता सांगायचे. मुठीच्या रंगावरून सालाचा अंदाज बांधायचे. अर्ध्या अमेरिकेतून लोक त्यांना फोटो पाठवून विचारत. पण जीव अडकला होता एकाच संगिनीत. तिचा नंबर ४१२७. संगिनीवरचा नंबर तिच्या म्यानावरही असतो. दोन्ही जुळले तरच जोडी खरी. बाबांकडे पातं होतं, म्यान नव्हतं.

सव्वा वर्षापूर्वी आई गेली. चौदाव्या दिवशी सकाळी बाबा कॉम्प्युटरसमोर बसले आणि सगळ्या संग्राहकांना त्यांनी कळवलं, ४१२७ नंबरचं म्यान हवं आहे. रुहीच्या ते डोक्यातच गेलं. आईसाठी या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि एका पत्र्याच्या म्यानासाठी जीव टाकतोय! तिला स्वतःला अजून दुकानात ताजी मेथी दिसली की हात फोनकडे जायचा, आईला सांगायला. मग आठवायचं. मेथी तिथेच ठेवून ती घरी यायची.

“म्यान मिळालं म्हणून तुला फोन केला, तेव्हा मी नुसता नंबर वाचला होता,” वॉल्ट ओशाळून सांगत होता. “आज सकाळी भिंगाखाली धरलं. खरा नंबर ठशानं मारतात, एका घावात. हा बघ, ठिपके ठिपके मारून काढलाय. आणि म्यानावरचं हे रबरी आवरण वर सरकवलं की खाली मूळ नंबर तसाच आहे, वेगळाच. कुण्या बिनडोक माणसानं जोडी जुळवायला हा उद्योग केलाय.”

बाबांनी हातमोजा काढला. ते नंबरावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

“बाबा, चला ना. जंक आहे ते,” रुही म्हणाली. वॉल्टला परत द्यायला तिनं म्यान उचललं. ठिपके बोटांना लागले आणि ती थांबली.

हे ठिपके तिच्या ओळखीचे होते. आत्तासुद्धा गाडीत थालीपिठांचा डबा होता. त्याच्यावर ठिपक्यांनी आईचं नाव, ‘पद्मिनी’, आणि खाली इंग्रजी सात. झाकणावरही सात. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला पंधरा घरांचे डबे एकत्र आले की याचं झाकण त्याच्याकडे जायचं आणि आई आठवडाभर फोन करत बसायची. म्हणून दर भारतवारीत ती नवे डबे नाशिकच्या भांड्यांच्या दुकानात न्यायची आणि त्या टर्रटर्र वाजणाऱ्या यंत्रानं डब्यावर नि झाकणावर एकच नंबर घालून आणायची. प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ. या म्यानावरच्या साताच्याही पोटात आडवी रेघ होती.

“बाबा... हे आईनं?”

बाबांनी मान डोलावली. “तू तेव्हा ॲन आर्बरला कॉलेजात होतीस. हे म्यान दुसऱ्या नंबराचं, म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुर करायचो. तिनं गुपचूप बॅगेत घालून नाशिकला नेलं. माझ्या वाढदिवसाला हातात दिलं. म्हणाली, घ्या, जुळली तुमची जोडी.”

“मग?”

“मग काय! थयथयाट केला मी. अस्सल वस्तूचं वाटोळं केलंस म्हणालो. अक्कल काढली तिची. त्याच आठवड्यात रद्दी सामानाच्या खोक्यात टाकून विकून टाकलं.” बाबांचा आवाज चिरकला. “ती काही बोलली नाही गं. पण परत कधी माझ्या वस्तूंना हात लावला नाही. धूळसुद्धा पुसली नाही. सोळा वर्षं.”

रुहीनं म्यान दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आईच्या हातचं काहीतरी जगात अजून सापडायचं राहिलं होतं, आणि हा म्हातारा एकटाच ते शोधत बसला होता.

वॉल्टला मराठीचा गंध नव्हता. त्याला फक्त बाबांचे भरलेले डोळे दिसले. “असं मनाला लावून घेऊ नकोस, सुमंत,” तो म्हणाला. “तुझं खरं म्यान आहे कुठेतरी. कधी ना कधी सापडेल.”

बाबांनी पिशवीतून संगीन काढली. रुहीच्या हातून म्यान घेतलं आणि पातं हळूच आत सरकवलं. खट्‌ असा आवाज झाला.

“ते सापडलं होतं, वॉल्ट,” ते म्हणाले. “मागच्या मे महिन्यात, टेक्सासमध्ये. अस्सल, ठशाचा नंबर. मीच नको म्हणालो.”